बोटभर बेल

क्रिकेटच्या मैदानावरची सगळ्यात क्षुल्लक वस्तू कुठली असं कुणी विचारलं, तर मी बेलकडे बोट दाखवीन. यष्टींच्या डोक्यावर आडवी ठेवलेली ती लाकडाची कांडी. लांबी अकरा सेंटिमीटरला किंचित कमी, मधे फुगीर, टोकांना निमुळती. जोराचा वारा सुटला की आपणहून खाली पडते, म्हणून पंच जड लाकडाच्या बेल्सची वेगळी जोडी जवळ बाळगतात. गल्लीतल्या क्रिकेटला तर तिची कधी गरजच पडली नाही. भिंतीवर खडूने तीन रेघा ओढल्या की आमच्या यष्ट्या तयार. बेल्सही काढाव्यात असं कुणाच्या मनातही आलं नाही.

याच कांडीने ९ जुलै २०१२ रोजी एका दणकट माणसाची पंधरा वर्षांची कारकीर्द एका क्षणात थांबवली. माणूस होता दक्षिण आफ्रिकेचा यष्टिरक्षक मार्क बाउचर. ठिकाण, इंग्लंडमधलं टॉन्टन. सॉमरसेट काउंटीविरुद्ध सरावाचा सामना, दौऱ्यातल्या खेळाचा पहिलाच दिवस. लेगस्पिनर इम्रान ताहिर गोलंदाजी करत होता आणि बाउचर यष्टींना खेटून उभा होता. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. ताहिरने सॉमरसेटच्या जमाल हुसेनचा त्रिफळा उडवला. विकेट पडली, म्हणजे आनंदाचाच क्षण. त्याच क्षणी एक बेल उडाली ती थेट बाउचरच्या डाव्या डोळ्यात. तो हात चेहऱ्यावर घेऊन खाली कोसळला. त्याच दिवशी शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशी कर्णधार ग्रेम स्मिथने बाउचरचं निवेदन वाचून दाखवलं: आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून निवृत्ती.

आता आकडे बघा. तोवर बाउचर १४७ कसोटी सामने खेळला होता. इंग्लंडविरुद्धच्या मालिकेत तीन कसोट्या होत्या. १४७ आणि ३ म्हणजे १५०. या दौऱ्यानंतर थांबायचं हे त्याने आधीच ठरवलं होतं. शेवट कुठल्या मैदानावर, साधारण कुठल्या दिवशी, सगळं आखलेलं. कसोटीत त्याच्या नावावर ५५५ बळी होते, आणि सगळ्या प्रकारच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांतले झेल आणि यष्टिचीत एकत्र मोजले तर ९९९. एक झेल मिळाला असता, तर हजार. एखादा लेखक कथेत असं लिहील तर संपादक म्हणतील, जरा अतीच होतंय, बदला.

मला मात्र या गोष्टीतल्या दुर्दैवापेक्षा तिच्यातलं गणित जास्त खिळवून ठेवतं. त्या गणिताचं एक टोक मानवी डोळ्यात आहे आणि दुसरं संघनिवडीच्या बैठकीत.

पापणीच्या आधी

आधी वेळेचा हिशेब करू. लेगस्पिनरचा चेंडू साधारण ताशी ८० ते ९० किलोमीटर वेगाने येतो. यष्टीवर आदळल्यावर बेल किती वेगाने उडेल हे चेंडू कुठे लागला यावर ठरतं. समजा, ती ताशी ५० किलोमीटर वेगाने मागे उडाली, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. यष्टींना खेटून उभ्या असलेल्या कीपरचा चेहरा तिथून असतो मीटरभर अंतरावर. म्हणजे बेलला डोळ्यापर्यंत पोचायला लागतो सेकंदाचा चौदावा भाग.

एखादी गोष्ट दिसल्यावर ती ओळखून हात-मान हलवायला माणसाला साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो. कितीही चपळ खेळाडू घ्या, त्याला यातून फारशी सूट मिळत नाही. डोकं बाजूला घेणं म्हणूनच शक्य कोटीतलं नाही. उरते पापणी. आपल्या शरीरातल्या सर्वांत वेगवान दरवाजांपैकी हा एक. विचाराची वाट न बघता आपोआप बंद होतो. पण तो पुरता बंद व्हायलाही सुमारे एक दशांश सेकंद लागतो. आपण ‘डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच’ म्हणतो, ती वेळ हीच. बेल त्याच्याही आधी येऊन पोचते.

दुसरं आश्चर्य आकाराचं आहे. निसर्गाने डोळा उघड्यावर ठेवलेला नाही. भुवईचं हाड, गालाचं हाड आणि नाक यांच्यामधल्या खोबणीत तो बसवलाय. या खोबणीचं तोंड साधारण चार सेंटिमीटर रुंद. क्रिकेटचा चेंडू सात सेंटिमीटरहून थोडा मोठा. तो चेहऱ्यावर आदळला तर बहुतेक मार आधी हाडं झेलतात. हाडं मोडतील, नाक फुटेल, डोळ्यालाही इजा होऊ शकते, पण आख्खा चेंडू खोबणीत शिरू शकत नाही. बेल शिरू शकते. स्क्वॉशच्या खेळात डोळ्यांना चष्मा लावायचा आग्रह धरतात तो याच हिशेबाने. स्क्वॉशचा चेंडू बरोबर चार सेंटिमीटरचा असतो. मोठ्या दगडासाठी बांधलेल्या तटबंदीतून छोटा दगड निसटतो, तसा हा प्रकार.

आणि आत शिरल्यावर समोर काय असतं? डोळ्याचं पांढरं आवरण. चिवट, पण जाडीला मिलिमीटरभर, काही ठिकाणी त्याहूनही बरंच पातळ. त्याच्या आत बाहुलीचा पडदा, भिंग आणि जेलीसारखा पारदर्शक गर, सगळं हलक्या दाबाखाली नेटकं भरलेलं. बाउचरचं हे पांढरं आवरण फाटलं होतं.

हा योगायोग पहिला नव्हता. १९९० मध्ये इंग्लंडचा माजी कसोटी यष्टिरक्षक पॉल डाउन्टन मिडलसेक्सकडून बेसिंगस्टोकला हॅम्पशायरविरुद्ध खेळत होता. तिथेही बेल उडून डोळ्यात गेली. पुढच्याच वर्षी त्याला खेळ सोडावा लागला. बावीस वर्षांच्या अंतराने दोन कसोटी यष्टिरक्षक, एकाच प्रकारच्या कांडीने जायबंदी. कीपर बिचारा करतोही काय? चेंडूवरची नजर हलवायची नाही, हाच त्याच्या धंद्याचा पहिला नियम. त्यामुळे यष्टीवरून काही उडालं तर ते नेमकं त्याच्या नजरेच्या रेषेत उडतं.

सुई आणि दोरा

समजा, डोळा वाचला. टाके पडले, सूज उतरली, दिसायला लागलं. मग परत का खेळू नये?

याचं उत्तर शोधायला मी घरातला शिवणाचा डबा काढला. दोन्ही डोळे उघडे ठेवून सुईत दोरा ओवला. दुसऱ्या प्रयत्नात गेला. मग डावा डोळा मिटला. सुई स्वच्छ दिसत होती, नेढंही दिसत होतं, दोऱ्याचं टोकही दिसत होतं. पण दोरा कधी सुईच्या पुढून जाई, कधी मागून. सात वेळा चुकलो. आठव्या वेळी दोरा गेला, तो मी सुई बोटाने चाचपत धरली म्हणून. तुम्हीही करून बघा, मात्र सुई डोळ्यापासून लांब धरा.

काय हरवलं होतं? दृष्टी नव्हे, खोली. आपले दोन डोळे एकमेकांपासून साधारण सहा सेंटिमीटरवर असतात, त्यामुळे दोघांना एकच वस्तू किंचित वेगळ्या कोनातून दिसते. मेंदू ती दोन चित्रं एकमेकांवर ठेवतो आणि त्यांतल्या फरकावरून वस्तू किती लांब आहे ते काढतो. ही आकडेमोड दिवसभर, विनासायास, आपल्या नकळत चालू असते. एका डोळ्याचं चित्र थोडं धूसर झालं, थोडं सरकलं, तरी हिशेबात गफलत होते. चहाचा कप उचलताना, जिना उतरताना मेंदू इतर खुणांवरून वेळ मारून नेतो. फिरकी गोलंदाजाचा चेंडू बॅटच्या कडेला चाटून दिशा बदलतो तेव्हा त्याला तेवढी उसंत नसते. कीपर दिवसभर हेच करतो: धावत्या सुईत दोरा ओवतो.

इंग्लंडच्या क्रेग कीस्वेटरची गोष्ट इथे आठवते. तोही यष्टिरक्षक, आणि क्लब तोच, टॉन्टनचा सॉमरसेट. २०१० च्या ट्वेंटी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात बार्बाडोसला ऑस्ट्रेलियाविरुद्ध ६३ धावा करून तो सामनावीर ठरला होता. सॉमरसेटमध्ये त्याच्याबरोबर आणखी एक तरुण यष्टिरक्षक होता, जोस बटलर. क्लब एक, ग्लव्हजची जोडी एक. आपल्याला नेहमी कीपिंग मिळावं म्हणून २०१३ च्या अखेरीस बटलर लँकेशायरला निघून गेला. कीस्वेटरची जागा आता पक्की झाली, असं कुणीही म्हटलं असतं.

पुढच्या जुलैत नॉर्थॅम्प्टनशायरविरुद्ध फलंदाजी करताना डेव्हिड विलीचा उसळता चेंडू हेल्मेटच्या कपाळपट्टी आणि जाळीच्या फटीतून आत घुसला. नाक मोडलं, डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडलं. तो बरा झाला, परत खेळलाही. बाहेरून बघणाऱ्याला तो धडधाकट दिसत होता. पण डोळा पूर्वीसारखा राहिला नव्हता, आणि पूर्वीचा खेळाडू आपण पुन्हा होणार नाही, हे इतरांच्या आधी त्याला कळलं. जून २०१५ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी, त्याने क्रिकेट सोडलं. तिकडे बटलर इंग्लंडचा कर्णधार होऊन २०२२ चा ट्वेंटी-२० विश्वचषक जिंकून आला.

आपल्याकडे याच वाटेवरचं नाव सबा करीमचं. मे २००० मध्ये ढाक्याला आशिया चषकात अनिल कुंबळेच्या गोलंदाजीवर कीपिंग करताना चेंडू त्याच्या उजव्या डोळ्यावर बसला. कुंबळेच्या चेंडूवर यष्टींना खेटून उभं राहणं ही काय चीज असते हे कुठल्याही भारतीय कीपरला विचारा. नावाला फिरकी, पण वेग आणि उसळी मध्यमगती गोलंदाजाची. शस्त्रक्रियेनंतर सबा करीम परतला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याच ढाक्यात त्याला आयुष्यातली पहिली कसोटी मिळाली. बांगलादेशची ती इतिहासातली पहिली कसोटी होती. त्यांच्यासाठी सुरुवात झाली. सबा करीमसाठी तीच पहिली आणि तीच शेवटची.

ग्लव्हजची जोडी एक

इथे गणिताचं दुसरं टोक हाती लागतं. संघात फलंदाज पाच-सहा असतात, गोलंदाज चार-पाच. एखादा फलंदाज जखमी झाला तर बरा होऊन तो दुसऱ्या कुणाच्या जागी येऊ शकतो. तिसऱ्या क्रमांकाऐवजी पाचव्यावर खेळेल. यष्टिरक्षकाची जागा एकच. ती रिकामी ठेवताच येत नाही. पुढच्या चेंडूला तिथे कुणीतरी उभं राहावंच लागतं. त्यामुळे जखमी कीपरसाठी दोन घड्याळं वेगवेगळी चालतात. एक शरीराचं, ते आपल्या गतीने चालतं. दुसरं संघाचं, ते कुणासाठी थांबत नाही.

बाउचरला हे दुसरं घड्याळ नवं नव्हतं, कारण त्या घड्याळानेच त्याला संघात आणलं होतं. ऑक्टोबर १९९७. दक्षिण आफ्रिकेचा संघ पाकिस्तानात. भरवशाचा यष्टिरक्षक डेव्ह रिचर्डसन जखमी झाला आणि शेखूपुऱ्याच्या कसोटीत वीस वर्षांच्या पोराच्या हाती ग्लव्हज आले. काही महिन्यांत रिचर्डसन निवृत्त झाला आणि हे पोरगं तिथेच ठाण मांडून बसलं. म्हणजे ही कारकीर्द दुसऱ्याच्या दुखापतीतून सुरू झाली होती.

अधूनमधून धक्के बसले. २००४ मध्ये फॉर्म हरपला म्हणून बाउचरला वगळलं आणि भारताच्या दौऱ्यावर कानपूर आणि कोलकात्याच्या कसोट्यांत थामी सोलेकिले यष्टींमागे उभा राहिला. एकूण तीन कसोट्यांनंतर सोलेकिले बाहेर गेला, बाउचर परत आला. आठ वर्षांनी टॉन्टनला ती बेल उडाल्यावर घाईघाईने इंग्लंडला बोलावलेला यष्टिरक्षक कोण? तोच सोलेकिले. पण ग्लव्हज त्याला मिळाले नाहीत. ते ए. बी. डिव्हिलियर्सने घातले, कारण तसं केल्याने संघात एक जादा फलंदाज खेळवता येत होता. दहाच दिवसांनी ओव्हलवर कसोटी सुरू झाली, हाशिम आमलाने नाबाद ३११ केल्या, दक्षिण आफ्रिकेने मालिका २-० जिंकली आणि इंग्लंडला मागे टाकून जगात पहिला क्रमांक मिळवला. संघाच्या घड्याळाने एक ठोकाही चुकवला नाही.

मुंबईकरांना या घड्याळाची गोड बाजूही माहीत आहे. मार्च २००१, ऑस्ट्रेलियाविरुद्धची ती अविस्मरणीय मालिका. कोलकात्यानंतर नयन मोंगिया जायबंदी झाला आणि चेन्नईच्या निर्णायक कसोटीत मुंबईच्या समीर दिघेला संधी मिळाली. वय ३२. त्या वयात पदार्पणाची आशा बहुतेकांनी सोडलेली असते. शेवटच्या दिवशी १५५ धावा हव्या होत्या आणि विकेट धडाधड पडत होत्या. दिघे नाबाद २२ धावा काढून टिकला, हरभजनने विजयी फटका मारला, भारत दोन विकेट राखून जिंकला. आपण दिघेचा तो डाव आजही सांगतो. पण कोलकात्याची कसोटी ही मोंगियाची ४४ वी आणि अखेरची ठरली, हे सांगायला विसरतो.

एका डावात चार कीपर

दुखापत ऐन सामन्यात झाली तर? या प्रश्नाचं सगळ्यात मजेदार उत्तर लॉर्ड्सवर जुलै १९८६ मध्ये मिळालं. न्यूझीलंडविरुद्ध इंग्लंडचा यष्टिरक्षक ब्रूस फ्रेंच फलंदाजी करताना रिचर्ड हॅडलीचा चेंडू डोक्याला लागून जखमी झाला. क्षेत्ररक्षणाला उतरायची वेळ आली तेव्हा कीपर कोण? काही षटकं फलंदाज बिल ॲथीने वेळ निभावली. मग प्रायोजकांच्या तंबूत पाहुण्यांची सरबराई करत असलेल्या बॉब टेलरला बोलावणं गेलं. टेलर इंग्लंडचा नामांकित यष्टिरक्षक खरा, पण निवृत्त होऊन दोन वर्षं झालेली आणि वय ४५. तो कोट-टाय उतरवून मैदानात उतरला आणि पाहणारे सांगतात त्याप्रमाणे काल खेळ सोडल्यासारखा सफाईने उभा राहिला. तोवर हॅम्पशायरहून बॉबी पार्क्स येऊन पोचला. पुढे त्याने सांभाळलं. डावाच्या शेवटी फ्रेंच स्वतः परतला, तो फक्त एका चेंडूसाठी. एका डावात चार यष्टिरक्षक.

हे सगळं न्यूझीलंडचा कर्णधार जेरेमी कोनीच्या मोठ्या मनामुळे जमलं. तेव्हाच्या नियमाप्रमाणे बदली खेळाडूला कीपिंग करता येत नसे, प्रतिस्पर्धी कर्णधाराने संमती दिली तरच ते जमे. २०१७ च्या नव्या संहितेत हा निर्णय पंचांकडे आला. त्यामुळे जुलै २०२५ मध्ये त्याच लॉर्ड्सवर जसप्रीत बुमराचा चेंडू अडवताना ऋषभ पंतच्या डाव्या हाताच्या तर्जनीला मार बसला तेव्हा कुणाच्या दिलदारीची गरज पडली नाही. ध्रुव जुरेल ग्लव्हज चढवून आला आणि सामना संपेपर्यंत राहिला. पंतने दुखऱ्या बोटाने ७४ धावा काढल्या. पण अशा बदली खेळाडूला फलंदाजी करता येत नाही, ते मात्र आजही ज्याचं त्यालाच निस्तरावं लागतं. पुढच्याच मँचेस्टर कसोटीत ख्रिस वोक्सला रिव्हर्स स्वीप मारताना पंतच्या उजव्या पावलाचं हाड मोडलं. तो गाडीत बसून बाहेर गेला आणि दुसऱ्या दिवशी लंगडत परत येऊन अर्धशतक करून गेला.

पाचशे चाळीस बैठका

पंतच्या गुडघ्याची गोष्ट याहून मोठी. कसोटीचा पूर्ण दिवस म्हणजे ९० षटकं, ५४० चेंडू. दर चेंडूला कीपर उकिडवा बसतो आणि चेंडूबरोबर वर येतो. ५४० बैठका. तालमीतला पैलवानही हा आकडा ऐकून जरा थबकेल, आणि पैलवानाला बैठक संपता संपता बाजूला झेपावून कोपरावर पडायचं नसतं.

३० डिसेंबर २०२२ च्या पहाटे रुरकीजवळ पंतची गाडी दुभाजकावर आदळली. उजवा गुडघा निखळला, अस्थिबंध फाटले. मुंबईत शस्त्रक्रिया झाली. गुडघ्याची दोन हाडं एकमेकांवर नुसती टेकलेली असतात. त्यांना जागच्या जागी धरून ठेवतात ते हे दोरखंडासारखे अस्थिबंध. फाटलेला मुख्य अस्थिबंध नव्याने घालताना डॉक्टर बहुतेक वेळा रुग्णाच्याच शरीरातला एखादा स्नायुबंध काढून, हाडांत भोकं पाडून, त्यातून ओवतात. खरी जादू यापुढे सुरू होते. ओवलेला बंध सुरुवातीचे काही आठवडे मजबूत होण्याऐवजी कमजोर होत जातो, कारण त्याच्यातल्या जुन्या पेशी मरतात. मग आजूबाजूने बारीक रक्तवाहिन्या त्याच्यात शिरतात, नव्या पेशी वस्तीला येतात, आणि दुसरीकडून आणलेला तो परका धागा हळूहळू गुडघ्याचा होतो. म्हणून घाई चालत नाही. रुग्णाला बरं वाटायला लागतं नेमकं तेव्हाच आतला बंध सर्वांत नाजूक असू शकतो.

इतक्या अवधीत संघाच्या घड्याळाने काय काय केलं ते बघा. सहा आठवडेही झाले नव्हते तोच नागपूरला ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटीत के. एस. भरतने पदार्पण केलं. तिकडे क्लबचं, म्हणजे दिल्ली कॅपिटल्सचं, २०२३ चं आयपीएल पंतविना पार पडलं. त्याच वर्षीच्या विश्वचषकात के. एल. राहुलने कीपिंग केलं, आणि ते इतकं चांगलं केलं की पंतची उणीव काढणारे आवाज मंदावले. २०२४ च्या सुरुवातीला तोच ध्रुव जुरेल इंग्लंडविरुद्ध रांचीत सामनावीर झाला. चौदा-पंधरा महिन्यांत रांग किती लांबली! २३ मार्च २०२४ ला मुल्लनपूरला पंत पुन्हा मैदानात उतरला तेव्हा प्रेक्षक उभे राहिले. तीन महिन्यांनी तो विश्वविजेत्या संघात होता.

त्यानंतर ऑक्टोबर २०२४ मध्ये बंगळुरूला रवींद्र जडेजाचा चेंडू त्याच उजव्या गुडघ्यावर बसला, जुरेलला कीपिंगला यावं लागलं, आणि पंतने दुसऱ्या डावात ९९ केल्या. मग लॉर्ड्सचं बोट, मँचेस्टरचं पाऊल. नोव्हेंबर २०२५ मध्ये कोलकात्याच्या कसोटीत तो परतला तेव्हा एक गंमत झाली. यष्टींमागे पंत होता आणि जुरेलही संघात होता, फक्त फलंदाज म्हणून. दोघांना एकच जागा पुरत नव्हती, म्हणून निवड समितीने शेजारी दुसरी तयार केली. असं सुख सोलेकिलेच्या वाट्याला आलं नाही, मोंगियाच्याही नाही.

दोरा बांधलेली बेल

टॉन्टननंतर क्रिकेटने काही शहाणपण घेतलं. २०१७ च्या संहितेत बेल फार लांब उडू नये म्हणून ती यष्टीला बांधून ठेवायची मुभा मिळाली. सक्ती नाही, मुभा. त्याच वेळी आणखी एक नियम बदलला. पूर्वी क्षेत्ररक्षकाच्या हेल्मेटला लागून उडालेला चेंडू झेलला तरी फलंदाज बाद होत नसे. कीपरच्या हेल्मेटवरून चेंडू यष्टींवर गेला तरी यष्टिचीत मिळत नसे. म्हणजे डोकं वाचवायचं तर विकेटवर पाणी सोडायची तयारी ठेवायची! आता दोन्ही ग्राह्य धरतात. हेल्मेट घालणं म्हणजे घाबरटपणा, हा जुना समजही ओसरला आहे. फिरकी गोलंदाजाला खेटून उभा राहणारा आजचा पोरसवदा कीपर हेल्मेटशिवाय क्वचितच दिसतो.

बाउचर क्रिकेटपासून तुटला नाही. गेंड्यांच्या शिकारीविरुद्धच्या कामात उतरला, दक्षिण आफ्रिकेच्या संघाचा प्रशिक्षक झाला, आणि २०२३ व २०२४ च्या हंगामात मुंबई इंडियन्सचा मुख्य प्रशिक्षक म्हणून वानखेडेवर बसला. त्या ९९९ चा सल त्याचे चाहते एका युक्तीने घालवतात. २००५ मध्ये अँटिग्वाच्या कसोटीत सामना अनिर्णित राहणार हे दिसल्यावर दक्षिण आफ्रिकेच्या अकराच्या अकरा खेळाडूंनी गोलंदाजी केली. बाउचरनेही ग्लव्हज उतरवले, चेंडू हातात घेतला आणि शतक केलेल्या ड्वेन ब्राव्होला बाद केलं. ते ९९९ आणि हा एक. झाले की हजार.

मी मात्र सामना बघायची सवय बदलली आहे. त्रिफळा उडाला की कॅमेरा गोलंदाजाच्या आरोळीकडे वळतो, मग मान खाली घालून निघालेल्या फलंदाजाकडे. त्या मधल्या क्षणी पडद्याच्या कोपऱ्यात कीपर दिसतो का, ते मी शोधतो. बेल हवेत गिरक्या घेत असते. कीपर दोन्ही हात उंचावून पळत येताना दिसला, की मग मी विकेटचा आनंद मानतो.